प्रश्न बहिणीच्या लसीचा होता

फेब्रुवारी संपत आला की आमच्या भागात कांजिण्यांचे पेशंट वाढतात आणि मेपर्यंत येत राहतात. अशाच एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास एक आई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला ताप नव्हता, अंगावर एकही पुरळ नव्हता. बालवाडीत शेजारी बसणाऱ्या मुलाला शनिवारी सकाळी फोड दिसले होते, आणि हिला आता लस द्यायची का, एवढंच आईला विचारायचं होतं. सोबत सासूबाई होत्या. त्यांचं म्हणणं होतं, "अंगावर येऊन गेलेलं बरं. आमच्या वेळी कुठं होती लस? सगळ्यांनाच आल्या नि गेल्या."

आजींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. निरोगी लहान मुलांपैकी बहुतेक जण आठ-दहा दिवस खाजवून, कुरकुरून बरे होतात. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. अंगभर अडीचशे ते पाचशे फोड उठतात, त्यातले काही नखांनी फुटतात, त्यात पू होतो. क्वचित न्यूमोनिया होतो, क्वचित मेंदूला सूज येते. कोणत्या मुलाला काय होईल हे आधी सांगता येत नाही. आईचं कोडं वेगळं होतं: "सरकारी दवाखान्यात सगळ्या लसी दिल्या, ही कुणी सांगितलीच नाही. मला वाटलं, गरजेची नसेल." हे मी दर हंगामात ऐकतो. कांजिण्यांची लस सरकारच्या मोफत लसीकरणात नाही, ती खासगीत विकत घ्यावी लागते आणि एका डोसला साधारण दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात ती आहे: पहिला डोस १५ महिन्यांचं मूल झालं की, दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी. सरकारी यादीत नाही म्हणजे बिनगरजेची, असा अर्थ पालक काढतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

संपर्क झाल्यावरही लस देता येते, हे अनेकांना माहीत नसतं. विषाणू अंगात शिरल्यापासून फोड यायला १० ते २१ दिवस लागतात. संपर्कानंतर तीन दिवसांत लस दिली तर उत्तम, पाचव्या दिवसापर्यंतही उपयोग होतो. आजार टळतो किंवा निदान सौम्य होतो. म्हणून संपर्क नेमका कोणत्या दिवशी झाला, हे मोजायलाच हवं. इथे एक गफलत हमखास होते. लोक फोड दिसल्या दिवसापासून मोजतात. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल संसर्ग पसरवत असतं. शनिवारी सकाळी फोड दिसले, म्हणजे गुरुवारपासून धोका धरायचा. गुरुवार शून्य, तर सोमवार चौथा दिवस. मुदत अजून होती.

लस देण्यापूर्वी मी प्रत्येक घराला तेच प्रश्न विचारतो. मुलाला आधी लसीची किंवा निओमायसिन या औषधाची तीव्र ॲलर्जी आली होती का? गेल्या चार आठवड्यांत गोवराची किंवा दुसरी जिवंत लस, म्हणजे जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असलेली लस, टोचली होती का? गेल्या वर्षभरात रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) दिलं होतं का? कॅन्सरचे उपचार किंवा स्टेरॉइड चालू आहेत का? आणि शेवटचा प्रश्न मुलाविषयी नसतोच: घरात गरोदर बाई, तान्हं बाळ, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारं कुणी आहे का?

शेवटच्या प्रश्नावर आई म्हणाली, "मोठ्याच्या गोळ्या चालू आहेत. अंगावर सूज आली होती ना, लघवीतून प्रोटीन जातंय म्हणाले."

मोठा म्हणजे सहा वर्षांचा भाऊ. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीवाटे प्रोटीन जाऊन अंगावर सूज येण्याचा मूत्रपिंडाचा आजार, त्याचा पहिलाच झटका, उपचार मिरजेच्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे. वजन २० किलो, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ४० मिलिग्रॅम, पाचवा आठवडा. सूज उतरली होती, लघवीत प्रोटीन येणं थांबलं होतं, म्हणून तो शाळेतही जात होता. त्याचं लसीचं कार्ड पर्समध्येच होतं. कांजिण्यांच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि त्याला कधी कांजिण्या आल्याही नव्हत्या.

किलोमागे २ मिलिग्रॅम किंवा दिवसाला एकूण २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन १४ दिवस किंवा जास्त चाललं, की जिवंत लस देता येत नाही. बंद केल्यावर किमान महिनाभर थांबावं लागतं. म्हणजे मुलाला आज लस देणं शक्य नव्हतं. आणि अशा मुलाला कांजिण्या झाल्या तर त्या आजींच्या आठवणीतल्या कांजिण्या नसतात. विषाणू फुप्फुसांत, यकृतात पसरू शकतो. कधी फोड दिसण्याआधीच पोटात असह्य दुखतं आणि निदान चुकतं. म्हणून बहिणीला लस द्यायची की नाही यात आता चर्चेला जागा नव्हती. पण त्याहून तातडीचा प्रश्न होता: त्या आजारी मुलाशी भावाचा संपर्क आला होता का?

"नाही, हा पहिलीत आहे, शाळा वेगळी," आई म्हणाली. पण जातात कसे? रिक्षाने. दोघं एकाच रिक्षातून? हो. आणि तो आजारी मुलगा? आईला ठाऊक नव्हतं. तिने तिथूनच रिक्षाकाकांना फोन लावला. उत्तर स्पष्ट आलं. तो मुलगा रोज त्याच रिक्षात असतो. शुक्रवारी भाऊ रिक्षात नव्हता, कारण तपासणीसाठी त्याला मिरजेला नेलं होतं. पण गुरुवारी तिघंही एकाच बाकावर होते, जाताना वीस मिनिटं आणि येताना वीस मिनिटं.

समोरासमोर पाच मिनिटं किंवा एका खोलीत तासभर, इतका सहवास संसर्गाला पुरेसा धरतात. तीनचाकी रिक्षात गुडघ्याला गुडघा लावून बसलेली मुलं यात निःसंशय मोडतात.

अशा मुलाला तयार अँटिबॉडी द्याव्या लागतात. कांजिण्यांसाठीचं खास इम्युनोग्लोब्युलिन ९६ तासांत दिलेलं चांगलं, पण दहाव्या दिवसापर्यंत देता येतं. २० किलोला २५० युनिट. अडचण ही की ते आपल्याकडे सहज मिळत नाही. न मिळाल्यास साधं इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून, किलोमागे ४०० मिलिग्रॅम. याच्यासाठी ८ ग्रॅम. त्याचा खर्च लसीच्या कितीतरी पट असतो. तेही शक्य नसेल तर ॲसायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध तोंडावाटे, किलोमागे २० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, म्हणजे या मुलाला ४०० मिलिग्रॅम चारदा, संपर्काच्या सातव्या दिवसापासून सात दिवस. सातव्या दिवसापासून का? विषाणू आधी आतल्या आत वाढतो आणि साधारण त्या सुमारास दुसऱ्यांदा मोठ्या प्रमाणात रक्तात उतरतो. औषधाचा मारा त्या वेळी हवा. मात्र ॲसायक्लोविर मूत्रपिंडातून बाहेर पडतं. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय ते सुरू करायचं नाही, आणि मूल नीट पाणी पितंय ना, यावर लक्ष ठेवायचं.

रक्तातल्या अँटिबॉडी तपासून मग ठरवू, असा विचार मनात येतो. पण रिपोर्टला वेळ जातो, आणि नेफ्रोटिक मुलांच्या लघवीवाटे अँटिबॉडीही वाहून जातात, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबणं धोक्याचं. मिरजेच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. खास इम्युनोग्लोब्युलिन तिथेही नव्हतं. साधं, शिरेतून, त्याच दिवशी द्यायचं ठरलं. चौथ्या दिवशी तो अजून कुणाला संसर्ग देणार नव्हता, म्हणून वॉर्डात दाखल करायला हरकत नव्हती. आठव्या दिवसानंतर हीच गोष्ट इतकी सोपी राहिली नसती. त्याला इतर मुलांपासून वेगळं ठेवावं लागलं असतं.

एक वाक्य मी आईकडून दोनदा म्हणवून घेतलं: स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. "गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालीय" हे ऐकल्यावर घाबरलेली माणसं पहिली ती गोळी थांबवतात. पाच आठवडे रोज स्टेरॉइड घेतलेलं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं मंदावलेलं असतं. गोळी अचानक थांबली तर मूल गळून जातं, रक्तदाब उतरतो, जीवावर बेतू शकतं. शिवाय सूज परत येऊ शकते ती वेगळीच. मात्रा कमी करायची वेळ आली तर ते मूत्रपिंडतज्ज्ञच ठरवतील.

आता आजींची शंका. "त्याला धोका आहे म्हणता, आणि हिला जिवंत विषाणू टोचणार? तो तिच्याकडून त्याला गेला तर?" प्रश्न अगदी रास्त होता. लसीतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. जपानमध्ये मिचियाकी ताकाहाशी यांनी ही लस १९७४ मध्ये तयार केली. ज्या मुलाच्या फोडातून मूळ विषाणू घेतला त्याच्या आडनावावरून त्याला ओका म्हणतात, आणि जगभर वापरात असलेल्या बहुतेक लसी त्याच ओकाच्या. लस घेतलेल्या मुलाकडून दुसऱ्याला तो विषाणू जाणं अत्यंत दुर्मिळ आहे, आणि तेही लसीनंतर अंगावर फोड उठले तरच. रानटी विषाणू मात्र घरातल्या संसर्ग न झालेल्या दहापैकी नऊ जणांना गाठतो. भावाला धोका आहे, याच कारणासाठी बहिणीला लस द्यायची असते. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग सुनेला म्हणाल्या, "दे टोचून."

लस देतानाही बारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. कुपीतली पूड तिच्यासोबत आलेल्या द्रवातच मिसळायची, दुसऱ्या कशात नाही. मिसळल्यावर अर्ध्या तासात वापरायची, ठेवून द्यायची नाही. दंडाला स्पिरिट लावलं तर ते पूर्ण वाळू द्यायचं, कारण ओल्या स्पिरिटने जिवंत विषाणू मरतो. मात्रा ०.५ मिलिलिटर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, कातडीखाली, सुई ४५ अंशांत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्रिज २ ते ८ अंशांत राहिलेला हवा. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते, म्हणून फ्रिजमधल्या थर्मामीटरचा आकडा दिवसातून दोनदा लिहून ठेवतो. ऊन किंवा उष्णता लागलेली लस बाहेरून ओळखू येत नाही. ती टोचली जाते, पालक निश्चिंत होतात आणि मूल संरक्षणाविना राहतं.

नंतर अर्धा तास बसवून ठेवलं. सांगितलं ते एवढंच: दंड दुखेल, एखाद दिवस ताप येईल, महिनाभरात दोन-चार फोड आले तर फोन करा. ताप आल्यास फक्त पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम. ॲस्पिरिन पुढचे सहा आठवडे अजिबात नाही. कांजिण्यांची शंका असताना आयब्युप्रोफेनही नको, कारण त्यासोबत कातडीखालच्या गंभीर जिवाणूसंसर्गाचा संबंध दिसून आला आहे.

मग दोघांना वेगळं ठेवायचं कसं? लसीने बहिणीचा आजार टळेलच अशी हमी नव्हती. ती संसर्ग देऊ लागलीच तर आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत. इम्युनोग्लोब्युलिनमुळे फोड यायला उशीर होऊ शकतो, म्हणून भावाची मुदत २८ दिवसांची धरली. आईने मुलाला आजोळी पाठवायचं सुचवलं. तिथे कोण कोण आहे, असं विचारलं. मामी पाच महिन्यांची गरोदर होती आणि तिला कांजिण्या येऊन गेल्या की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोळ बाद. अखेर मुलगी आत्याकडे राहील असं ठरलं. आत्या आणि तिच्या यजमानांना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, घरात लहान मूल नव्हतं. भाऊ आईजवळ राहिला, कारण त्याला गोळ्या, कमी मिठाचं जेवण आणि रोजची लघवीची तपासणी हवी होती. ताप, एकही फोड, पोटदुखी किंवा धाप दिसली तर रात्री दोनलाही मिरज गाठायचं. फोड आल्यास ॲसायक्लोविर शिरेतून पहिल्या २४ तासांत सुरू व्हायला हवं.

बालवाडीच्या बाईंना चिठ्ठी दिली: आजारी मुलाच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत त्याला शाळेत घेऊ नये, आणि वर्गातल्या ज्या घरी गरोदर बाई आहे किंवा कुणाचे कॅन्सरचे अथवा स्टेरॉइडचे उपचार चालू आहेत, त्यांनी लगेच डॉक्टरांना भेटावं. रिक्षातल्या बाकीच्या मुलांची यादी रिक्षाकाकांनीच फोनवर दिली. त्यातल्या दोघांना संध्याकाळी लस दिली.

पंधराव्या दिवशी आत्याचा फोन आला. मुलीच्या पाठीवर आणि पोटावर मिळून दहा-बारा फोड होते, किंचित कणकण, खेळणं चालू. वेळ पाहता ते रानटी विषाणूचेच असण्याची शक्यता जास्त, पण लसीचे की आजाराचे हे निव्वळ डोळ्यांनी सांगता येत नाही. भावाच्या दृष्टीने दोन्हींचा नियम एकच होता: लांब राहायचं. सगळ्यांवर खपल्या धरेपर्यंत ती आत्याकडेच राहिली. रोज कोमट पाण्याने आंघोळ, नखं कापलेली, कॅलामाइन लोशन, जेवण नेहमीचं. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवायला हरकत नाही, फोडांवर घासायचा मात्र नाही, असं आजींना सांगितलं होतं आणि त्यांनी ते पाळलं.

भावाला २८ दिवसांत एकही फोड आला नाही.

पुढचा हिशेब कार्डावर लिहून दिला. मुलीच्या दुसऱ्या डोसची तारीख तीन महिन्यांनंतरची. आलेले फोड कांजिण्यांचेच होते असं सिद्ध झालं असतं तर तो लागला नसता. तपासणी केलेली नाही, आणि दिला तर अपाय नाही, म्हणून द्यायचा. मुलाचं गणित जास्त लांबचं आहे. शिरेतून दिलेल्या अँटिबॉडी लसीचा विषाणूही मारून टाकतात, म्हणून आठ महिने थांबायचं. तोवर स्टेरॉइड बंद होऊन महिना उलटलेला असावा. आणि सूज पुन्हा येऊन गोळ्या परत सुरू झाल्याच, तर कमी मात्रेवर असताना लस देता येईल का, हे मिरजेच्या डॉक्टरांना विचारायचं. त्याच्या रकान्यात मी पेन्सिलीने नोव्हेंबर लिहिलं आहे.