मंजिष्ठा-कोरफड जेल: कार्बोमरला रजा

मंजिष्ठेचे जेल पुन्हा पातळ झाले. मात्र या वेळी कारण हाती लागले आहे. सूत्र मागील नोंदीतलेच होते: ०.५ टक्के कार्बोमर ९४० (जेल घट्ट करणारे कृत्रिम बहुवारिक), ट्रायइथेनॉलअमाइन या अल्कलीने ६.५ पर्यंत आणलेला सामू (pH), मंजिष्ठेचा ग्लिसरिनमधील अर्क आणि कोरफडीची २००:१ (दोनशे पट संहत) पावडर. चमच्यावर उभे राहणारे जेल शेवटचा घटक पडताच सरबतासारखे वाहू लागते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

दोषी कोण हे ठरवण्यासाठी एकाच घाण्याचे भाग करून एकात केवळ मंजिष्ठा, दुसऱ्यात केवळ कोरफड आणि तिसऱ्यात चिमूटभर साधे मीठ घातले. मंजिष्ठेचा भाग किंचित सैलावला, तर कोरफडीचा आणि मिठाचा असे दोन्ही भाग सारखेच कोसळले. कार्बोमरच्या साखळ्यांवरील ऋण प्रभार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून त्या उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. कोरफडीतील पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि विशेषतः कॅल्शियमचे आयन हे प्रभार झाकतात व साखळ्या पुन्हा आकसतात. अशा वेळी आणखी ट्रायइथेनॉलअमाइन ओतण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. तो व्यर्थ आहे, कारण त्याने आयनच वाढतात.

त्याहून मोठा पेच संरक्षकाचा, म्हणजे जेलमध्ये जंतू व बुरशी वाढू न देणाऱ्या घटकाचा, आहे. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही जोडी स्वतःच क्षारांची आहे. शिवाय ६.५ सामूला बेंझोइक आम्लाचा जेमतेम अर्धा टक्का भाग अविघटित, म्हणजे कामाचा, उरतो, ४.८ ला तोच सुमारे २० टक्के असतो आणि सॉर्बिक आम्लाचा जवळपास निम्मा. कार्बोमरला एक सामू हवा आणि संरक्षकाला दुसरा, असा संसार टिकवण्यात मला अर्थ वाटत नाही.

म्हणून कार्बोमरऐवजी १.५ टक्के हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज आणि ०.२ टक्के झॅन्थन गम हे दाटपणा देणारे घटक, दोन्ही आधी ग्लिसरिनमध्ये कालवून, वापरले. पहिल्यावर प्रभारच नसल्याने कोरफड त्याचे काही बिघडवू शकत नाही. केवळ झॅन्थनचे जेल बुळबुळीत लागते, तो दोष या मिश्रणात जवळजवळ गेला. कार्बोमरची काचेसारखी पारदर्शकता गेली खरी, पण ४.८ सामूला जेल घट्ट उभे आहे, याचा आनंद मोठा आहे. आम्लात मंजिष्ठेचा लाल रंग नारिंगी-पिवळ्याकडे झुकला. अँथ्राक्विनोन रंगद्रव्यांचा तो स्वभावच आहे आणि मला ही छटा अधिक आवडली.

मंजिष्ठेच्या अख्ख्या काड्या काष्ठौषधींच्या दुकानातूनच घ्याव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे. तयार चूर्णाचा अर्क गाळल्यावर तळाशी मातीच उरली होती. कोरफडीच्या पावडरीत माल्टोडेक्स्ट्रिन (भर म्हणून मिसळलेली स्टार्चची पूड) किती, हे पाकिटावर न छापणाऱ्या विक्रेत्यांकडून खरेदी थांबवली आहे.

पुढे गुलाबपाणी घालून हेच सूत्र करण्याचा बेत होता. परंतु हे लिहिताना वेगळाच विचार सुचला. कुंकुमादी तेलात मंजिष्ठा तेलातच सिद्ध होते, तर ती जेलमध्ये हवीच कशाला? जेल निव्वळ कोरफडीचे ठेवून मंजिष्ठा तिळाच्या तेलात मंद आचेवर काढावी आणि ते तेल भिरंडेलाच्या (कोकमाच्या बियांच्या तेलाच्या) क्रीममध्ये घालावे. तेलात रंग पुरेसा उतरला नाही, तर रतनजोत हाताशी आहेच. तोवर सध्याच्या जेलच्या बाटल्या आलटून पालटून ४० अंश सेल्सिअसला आणि फ्रिजमध्ये ठेवीत आहे, आणि हाताच्या आतील बाजूवरील चाचणी झाल्याशिवाय यातले काहीही चेहऱ्याला लावणार नाही.