आमची वाटचाल : आधी मशीन, मग डायल

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँडच्या उपनगरात आमचं दुकान सुरू झालं तेव्हा पाटीवर ‘घड्याळ दुरुस्ती’ एवढंच होतं. डायलच्या धंद्यात आम्ही शिरलो ते सोन्यामुळे. सोन्याचा भाव चढला की लोक आजोबांच्या खिशातल्या घड्याळाची केस वितळवायला देतात आणि आतलं मशीन डायलसकट उघडं पडतं. अशी मशीनं लिलावात डबेच्या डबे मिळायची. मी ती सुट्या भागांसाठी घ्यायचो. बायको तेव्हा फक्त हिशेब बघायची. तिच्याच लक्षात आलं की गिऱ्हाइकं चाकं-स्प्रिंगांपेक्षा डायलबद्दल जास्त विचारतात. तिने प्रत्येक डायलची नोंद ठेवायला वही घातली, आणि तीच आमची खरी मालमत्ता.

मी मिरजेच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला, त्यामुळे रेल्वेची घड्याळं हातात आली की जरा जास्तच रमतो. त्यात हा भाग त्या घड्याळांचं आजोळच. 18 एप्रिल 1891 रोजी इथून जवळच किप्टनला दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एका इंजिन ड्रायव्हरचं घड्याळ मध्येच चार मिनिटं थांबून पुन्हा सुरू झालं होतं, असं सांगतात. त्यानंतर रेल्वेने क्लीव्हलँडचे जव्हेरी वेब बॉल यांना घड्याळ तपासणीचं काम दिलं आणि हळूहळू कडक नियम रूढ झाले : 16 किंवा 18 साइझ (म्हणजे मशीनच्या व्यासाचं माप), किमान 17 ज्वेल (चाकांचे आस ज्यात फिरतात ते खडे), उभं, आडवं, पालथं अशा पाच स्थितींत जुळवलेलं मशीन, आठवड्याला 30 सेकंदांहून जास्त फरक नाही. चेहऱ्यालाही नियम होताच. झाकण नको, चावी बाराच्या डोक्यावर, पांढऱ्या डायलवर ठसठशीत काळे आकडे. धावत्या इंजिनात, कंदिलाच्या उजेडात वेळ वाचायची होती.

आता जुळवणीबद्दल. बरेच जण डायलचा व्यास कळवतात आणि ‘16 साइझ आहे, पाठवा’ म्हणतात. व्यासावरून काहीच ठरत नाही. या डायल म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर भाजलेलं एनॅमल, आणि मागे तांब्याचे बारीक पाय. पाय मशीनच्या प्लेटमधल्या भोकांत जातात आणि कडेचे स्क्रू त्यांना धरून ठेवतात. ती भोकं प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी. वॉल्थमची डायल एल्जिनच्या मशीनवर बसलेली दिसली, तर पाय कापून चिकटवलेली असणार. म्हणून आम्ही डायल आधी पालथी करून बघतो. पाय कापलेले असतील तर ती आमच्या कपाटात जातच नाही, पुढून कितीही देखणी असो.

पाय जुळले तरी काळ जुळायला हवा. मशीनवरच्या क्रमांकावरून त्याचं साल साधारण कळतं. केसवरून मात्र कळत नाही, कारण मशीन आणि केस वेगवेगळी विकली जायची आणि दुकानदार गिऱ्हाइकासमोर जोडून द्यायचा. हॅमिल्टनचं 992 हे मशीन 1903 पासून निघत होतं, 992बी 1940 पासून. 1950च्या दशकातली मेलामाइन प्लास्टिकची डायल 1910च्या 992 वर चढवलेली बघितली की मला कसंतरीच होतं. त्याला मध्यभाग आणि सेकंदाचं वर्तुळ दोन्ही खोलगट असलेली, ‘डबल संक’ डायलच शोभते.

पण ‘कारखान्यातून याच मशीनवर निघालेली डायल’ असं छातीठोकपणे आम्ही कुणालाच लिहून देत नाही. ही घड्याळं कामाची होती, डायल तडकली की बदलली जायची. एखाद्याला माँटगोमेरी डायल आवडायची, म्हणजे एक ते साठ प्रत्येक मिनिटाला आकडा असलेली, आणि तो जुनी काढून ती बसवून घ्यायचा. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी बदललेली डायल खोटी कशी म्हणायची? माझ्या मते ती त्या घड्याळाच्या नोकरीचाच भाग आहे. म्हणून बिलावर कंपनी, मॉडेल, अंदाजे काळ आणि ‘डायल आम्ही बसवली’ हे स्पष्ट लिहितो. एका व्यापाऱ्याला ती शेवटची ओळ नको होती. तो आता दुसरीकडे जातो.

फर्ग्युसन डायलच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावं लागतं. मोठे आकडे मिनिटांचे, तासांचे आतल्या बाजूला बारीक. मुळात कमी, म्हणून नकला भरपूर. अस्सल आकडे भट्टीत एनॅमलमध्ये मुरलेले असतात, नकलेतले भिंगाखाली वर तरंगताना दिसतात. डायलवर रेल्वे कंपनीचं नाव असेल तर मी आधी संशय घेतो, भाव वाढवायला ती नावं मागाहूनही छापली गेली आहेत.

एनॅमलवरचे केसाएवढे बारीक तडे आम्ही बुजवत नाही, फक्त त्यातला मळ काढतो. त्यासाठी कवळी धुवायची गोळी उत्तम. औषधाच्या दुकानातली बाई आमच्या दातांची मनापासून चौकशी करते.

डायल हवी असेल तर मशीनचा क्रमांक आणि जुन्या डायलच्या पाठीचा फोटो पाठवा. हॅमिल्टन, एल्जिन, वॉल्थम बहुतेक वेळा मिळून जातं. ओहायोतल्याच कँटनच्या हॅम्पडन घड्याळ कंपनीची यंत्रं 1930 साली थेट मॉस्कोला गेली. त्यांच्या डायलना इथे फारसा उठाव नाही, तरी दिसल्या की मी घेतोच. वहीत त्यांचं पान वेगळं आहे आणि त्यावर नफ्याचा रकाना बायकोने आखलेलाच नाही.