कच्चा बटाटा, उकडलेला बटाटा

भाची नववीत आहे. सुट्टीत आली तेव्हा तिने पुस्तक उघडून विचारले, "मामा, विसरणात पदार्थ जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातो, मग परासरणात पाणी मिठाकडे का जातं? हे उलट नाही का?" संहती म्हणजे द्रावणातले प्रमाण, आणि परासरण म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून, म्हणजे पटलातून, पाण्याचे जाणे. मुलांना ही शंका हमखास येते, कारण मिठाची संहती मोजता मोजता पाण्याचीही संहती असते याचा त्यांना विसर पडतो. मीठ विरघळल्यावर तेवढ्याच जागेत पाण्याचे मोकळे रेणू कमी उरतात, म्हणून पेशीतून बाहेर पडणारे रेणू आत येणाऱ्यांपेक्षा जास्त ठरतात. कोशिंबिरीत आधीच मीठ घातले की काकडीला पाणी सुटते ते यामुळेच.

तरीही पटलाचे महत्त्व तिच्या लक्षात येईना, म्हणून बटाट्याच्या बोटाएवढ्या कापांचे प्रयोग केले. मिठाच्या दाट पाण्यात तासाभर ठेवलेला कच्चा काप इतका लिबलिबीत झाला की त्याची दोन टोके जुळवता आली, आणि साध्या पाण्यातला काप मात्र वाकवताच कट्कन मोडला. पहिल्यात रससंकोच झाला होता, म्हणजे पाणी गेल्यामुळे प्रद्रव्य, म्हणजे पेशीतला जिवंत भाग, आक्रसून पेशीभित्तिकेपासून, म्हणजे बाहेरच्या कडक आवरणापासून, सुटले होते. दुसऱ्यात पाण्याने फुगलेल्या पेशी भित्तिकेवर आतून दाब देत होत्या. उकडलेल्या कापांत मात्र असा फरक दिसलाच नाही. उष्णतेने प्रद्रव्यपटल फाटले की पाण्याला वाट देऊन मिठाला अडवणारे कोणी उरत नाही, मीठही सरळ आत शिरते आणि परासरण संपते.

मग औषधाच्या दुकानातून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणून कच्च्या कापावर थेंब टाकले, तेव्हा क्षणात पांढरा फेस आला. बटाट्यातले कॅटलेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पेशीतला पदार्थ, पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते, आणि स्वतः खर्च न होता पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. उकडलेला काप ढिम्म राहिला. विकर हे प्रथिन असते, त्याची विशिष्ट घडी हेच त्याचे हत्यार असते, आणि उकळताना ती घडी उलगडते. विकरे प्रथिनेच असतात ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते, पण १९२६ साली अमेरिकन संशोधक जेम्स समनर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवून ते प्रथिन असल्याचे दाखवले तेव्हा नावाजलेले रसायनशास्त्रज्ञही ते मानायला तयार नव्हते; समनर यांना नोबेल मिळाले ते १९४६ साली.

"म्हणजे उकडलं की सगळंच मरतं," असे भाचीने ठरवून टाकले, आणि मला हे घाईचे वाटले, कारण पटल मोडणे आणि विकर निकामी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. म्हणून एक काप रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला. सकाळी तो वितळला तेव्हा बर्फाच्या स्फटिकांनी पटले फाडल्यामुळे मऊ पडून पाणी गाळत होता, पण पेरॉक्साइडचा थेंब पडताच कच्च्या कापासारखाच फसफसला. तिने वहीत तिसरा रकाना आखला. मटार वर्षभर साठवताना दाणे आधी उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात काढतात, ते का, हे तिने त्याखाली स्वतःच लिहिले: तसे केले नाही तर गोठलेल्या दाण्यांतही विकरे संथपणे काम करत राहतात आणि रंग व चव बिघडते.