खिशातले हात

माझ्या चित्रातल्या माणसांचे हात कायम खिशात असायचे. बाई असली तर पदराआड. पावलं गवतात. शाळेत स्मरणचित्रात हे खपून गेलं. जळगावला कलाशिक्षणासाठी आले, समोर मॉडेल बसलं आणि लपायला जागा उरली नाही. बोर्ड इतका तिरपा धरायचे की शेजारणीलाही कागद दिसू नये. एकदा सरांनी विचारलंच, "तुझ्या सगळ्या माणसांना खिसे कसे गं?"

उत्तर म्हणून मी अजिंठा पुढे केला. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीला कुठे स्नायू दाखवलेत? सर म्हणाले, "त्याने कमळ कसं धरलंय, ते पाहिलंस का?" मी गप्प.

मग पाठांतर केलं. 206 हाडं, माणसाची उंची त्याच्या साडेसात डोक्यांइतकी. आकृती मापात आली, पण उभी राहिली बुजगावण्यासारखी.

दिवाळीच्या सुट्टीत अमळनेरला घरी आले आणि न्यूजप्रिंट, चारकोल घेऊन मार्केट यार्डात बसले. हमाल काही पोज देत नाही. पोतं उचललं की निघाला! चार रेघांत जे सापडेल ते. तिथे कळलं, की हात वर जातो तेव्हा पाठीवरचं खांद्याचं पातं बरगड्यांवरून सरकतं आणि गळ्याच्या हाडाचं बाहेरचं टोकही वर उचललं जातं. माझ्या चित्रांत नुसता हात वर जायचा, खांदा होता तिथेच.

एक बाबा मागे येऊन उभे राहिले. घाईत कागद उलटा केला, पण त्यांनी पाहिलं होतं.

"मना हात इतला धाकला शे का माय?"

त्यांनी पंजा स्वतःच्या तोंडावर ठेवला. तळहाताची कड हनुवटीला, बोटं थेट केसांपर्यंत. मी काढलेला पंजा नाकाच्याही वर गेला नसता.

घरी आई भाकरी करत होती. तळहात वर असताना कोपरापुढची दोन हाडं शेजारी-शेजारी असतात, पंजा पालथा झाला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून आडवं जातं. हे बघायला आईला चारदा हात फिरवायला लावला. भाकरी करपली. बोलणी बसली ती वेगळीच.

आता खिसे गेले. बोटं अजून जाड येतात, पण असतात. पावलांचं मात्र जमत नाही. ट्रक भरताना हमाल चपला काढून फळीवर चढतात; सध्या त्या फळीजवळ बसते.