बेळगावात कारखाना काढायचाय? आधी जुलैत तीन दिवस जाऊन या

बेळगाव पाहायला हिवाळ्यात जाऊ नका. तेव्हा सगळ्याच शेडांची छपरे धड असतात, सगळेच रस्ते बरे दिसतात आणि ओतकामाच्या साच्यांची वाळूही कोरडी असते. जुलैत गेलात तर तीन दिवसांत जे कळते, ते एरवी पहिल्या पावसाळ्यात रिजेक्शन, म्हणजे बाद झालेले नग, मोजताना कळते.

आमच्या पाहणीचा प्रश्न नेमका होता. पुण्याच्या ग्राहकांना दोन ते चाळीस किलोचे बिडाचे भाग लागतात. ते बेळगावात ओतून, तिथेच मशिनिंग करून पाठवायचे तर जमेल का, आणि जमले तर शेड कोणत्या बाजूला घ्यायचे? पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्यांना इथला मुख्य फायदा मिळत नाही. तो फायदा म्हणजे ओतकाम आणि त्याच्या आगेमागे लागणारे सगळे धंदे पाच-सात किलोमीटरच्या आत असणे.

पुण्याहून बेळगाव ३४० किलोमीटर, कोल्हापूरहून ११०. रस्ता तोच, पूर्वीचा चार नंबरचा, आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८. कागल सोडल्यावर हद्द लागते, पुढे कोगनोळीचा टोलनाका. संध्याकाळी भरलेली गाडी सकाळी पुण्यात पोचते, म्हणून जाताना एक फेरी रात्री करा आणि ट्रक कुठे अडकतात ते बघा. मुक्काम टिळकवाडीच्या आसपास ठेवला तर खानापूर रोडवरचे उद्यमबाग, म्हणजे इथली औद्योगिक वसाहत, जवळ पडते.

पहिला पूर्ण दिवस उद्यमबागला द्या. एका गाळ्यात पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) बनतो, पलीकडे कोअर (भागातली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा), दोन गल्ल्या सोडून ओतकाम, मग शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून सफाई), मग व्हीएमसी या संगणकीय यंत्रावर मशिनिंग. जिल्ह्यात शंभराच्या आसपास फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आहेत. शिवाय हायड्रॉलिक्सची जुनी परंपरा आहे: बेम्कोचे प्रेस इथलेच, आणि सुरेश हुंद्रे यांनी उभी केलेली पॉलिहायड्रॉनही इथलीच. त्यामुळे बोअरचे होनिंग (भोक आतून घासून गुळगुळीत करणे), व्हॉल्व्ह बॉडीतली आडवी-उभी भोके, गळतीची चाचणी या गोष्टी इथल्या फिटरला नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. आमच्या मते ही या गावाची सर्वात मोठी जमेची बाजू. यंत्रे कुठेही विकत मिळतात, अशी माणसे मिळत नाहीत.

फाउंड्रीत शिरलात की ऑफिसात चहा घेत बसू नका, ओतायच्या वेळी भट्टीपाशी उभे राहा. चांगल्या ठिकाणी लेडल (धातू ओतायचे भांडे) भरण्याआधी चिल वेज ओततात. पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतून, थंड करून, हातोडीने मोडतात. मोडलेल्या तोंडावर टोकाकडचा पांढरा पट्टा किती मिलिमीटर आहे ते बघतात आणि त्यावरून इनॉक्युलंट (हा पट्टा आवरणारी भर) कमी-जास्त करतात. पट्टा रुंद असेल तर पातळ भिंतीचा भाग कडक निघतो आणि मशिनिंगमध्ये इन्सर्ट (कापायचे टोक) खातो. स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट सगळेच दाखवतात. वेज मोडून बघणारा माणूस मात्र भट्टीपाशी रोज उभा असतो, आणि आपल्याला तो हवा असतो. एसजी आयर्न, म्हणजे गोल ग्रॅफाइटचे बीड, घ्यायचे असेल तर मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यापासून शेवटचा साचा भरेपर्यंत किती मिनिटे गेली ते घड्याळ लावून मोजा. दहाच्या पुढे गेले तर शेवटच्या साच्यांतले ग्रॅफाइट गोल राहील याची खात्री धरता येत नाही. त्या लेडलचा शेवटचा नग कापून बघायला मागा.

पावसाळ्याचा प्रश्न इथेच येतो. हिरव्या वाळूत, म्हणजे न भाजलेल्या साच्याच्या ओलसर वाळूत, ओलावा साधारण तीन ते चार टक्के लागतो. जुलैत बाहेरून येणारी नवी वाळूच ओली असते, आणि वाळूचे आवार उघडे असेल तर मिक्सरवरचा माणूस अंदाजाने पाणी कमी करतो. मग सकाळच्या आणि दुपारच्या साच्यांत फरक पडतो. कोअरचे त्याहून अवघड. रेझिनचे कोअर दमट हवेत रात्रभर पडून राहिले की ओलावा ओढतात, सकाळी ओतताना त्याची वाफ होते आणि ब्लोहोल (वाफेच्या पोकळ्या) नेमके आतल्या भिंतीत येतात, जिथे मशिनिंग होईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून तीन गोष्टी विचारा: नवी वाळू वाळवायची सोय आहे का, कोअरवर बनवल्याची तारीख-वेळ लिहितात का, आणि वापरण्याआधी कोअर ओव्हनमधून काढतात का. वाळूच्या रोजच्या चाचण्यांची वही मागा. ओलावा, पर्मिॲबिलिटी (वाळूतून वायू जाण्याची क्षमता), दाबाची ताकद असे तीन रकाने तरी असतात. सगळ्या दिवसांचे आकडे अगदी सारखे असतील तर ती वही चाचणी न करता भरलेली आहे असे समजा.

दुसऱ्या दिवशी जागा. उद्यमबाग भरलेले आहे. तिथे बहुतेक जुने शेड भाड्याने मिळते, नवा प्लॉट नाही. पुढे त्याच रस्त्याला मच्छे, बाजूला नावगे. उत्तरेला महामार्गालगत होनगा. त्याच्याही पुढे, शहरापासून ३५ किलोमीटरच्या आसपास, हत्तरगीला विमानांच्या भागांसाठीचा विशेष आर्थिक क्षेत्राचा परिसर आहे. नकाशावर ही अंतरे किरकोळ वाटतात, पण पाऊस खानापूरच्या बाजूला जास्त आणि उत्तर-पूर्वेकडे झपाट्याने कमी होतो. ओतकामाला मच्छ्याच्या दमट हवेपेक्षा होनग्याची बाजू सोयीची, आणि पुण्याची गाडीही शहरात न शिरता निघते. उलट मशिनिंगला उद्यमबागच बरे, कारण कामगार अनगोळ, मजगाव, पिरनवाडी, येळ्ळूर इथून येतात आणि त्यांना होनगा गाठायचे तर अख्खे शहर ओलांडावे लागते. दोन्ही एकाच छताखाली हवे असेल तर कामगारांच्या बसचा खर्च हिशेबात आजच धरा.

वीज हेस्कॉम या सरकारी वीज कंपनीची. १ टनाची, ७५० किलोवॉटची इंडक्शन भट्टी, वाळूची यंत्रे, कॉम्प्रेसर आणि शॉट ब्लास्टिंग धरले की मागणी हजार केव्हीएच्या घरात जाते, म्हणजे ११ केव्हीची जोडणी आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. हिशेब असा करा: एक टन बीड वितळायला साधारण ६०० युनिट लागतात. रनर-रायझर, म्हणजे धातू साच्यात नेणाऱ्या वाटांत गोठलेला धातू, वजा जाता ओतलेल्यापैकी ६० टक्के धातू मालात उतरला, तर विक्रीच्या एका टनामागे वितळण्याचेच १,००० युनिट झाले. थोडक्यात, युनिटमागे एक रुपयाचा फरक म्हणजे टनामागे हजार रुपये. कोल्हापूरच्या उद्योजकांनी वीजदरावरून कर्नाटकात जाण्याचा इशारा पूर्वी दिला होता, त्याच्या मुळाशी हेच गणित. मात्र जाहीर दरावर थांबू नका. स्थिर आकार, इंधन समायोजन आणि कर धरून एखाद्या चालू फाउंड्रीचे बाराही महिन्यांचे बिल बघा.

दराइतकाच फीडर, म्हणजे सबस्टेशनहून येणारी वीजवाहिनी, महत्त्वाचा. सबस्टेशनला जाऊन विचारा की हा फीडर फक्त उद्योगांचा आहे की गावे आणि शेतीपंपही त्यावर आहेत. भट्टीत धातू असताना वीज गेली तर सर्वात आधी भट्टीची कॉइल गार ठेवणाऱ्या पाण्याचा पंप चालू राहिला पाहिजे. नाहीतर कॉइल जळते, आणि पाणी वितळलेल्या धातूपर्यंत पोचले तर स्फोट होतो. पूर्ण भट्टी चालवणारा जनरेटर परवडत नाही, पंपापुरता छोटा आणि वर उंचावर पाण्याची टाकी एवढे तरी हवेच. शेड भाड्याने घेताना ती टाकी आहे का ते स्वतः वर चढून बघा.

तिसरा दिवस कचेऱ्यांचा. १५ कोटींपर्यंतच्या गुंतवणुकीचे प्रस्ताव जिल्हा पातळीवरच्या एक खिडकी समितीकडे जातात, म्हणून सुरुवात जिल्हा उद्योग केंद्रात करा. प्रदूषण मंडळाकडून उभारणीची आणि चालवण्याची अशा दोन संमती वेगवेगळ्या लागतात. फाउंड्रीला वापरून झालेल्या वाळूची विल्हेवाट कुठे लावणार ते आधीच लिहून द्यावे लागते, आणि बहुतेकांचा अर्ज तिथेच रखडतो. कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाचा प्लॉट हस्तांतराने घेत असाल तर मूळ धारकाने ठरलेल्या मुदतीत उत्पादन सुरू केले होते का ते तपासा. नसेल केले तर विक्रीखत त्याच्या नावावर झालेले नसते आणि आपण विकत घेतो ती फक्त अडचण.

खासगी जमीन असेल तर सातबारा शोधू नका, इथे आरटीसी म्हणजे पहाणी असते आणि ती कन्नडमध्ये असते. सोबत बिनशेतीचा आदेश, फेरफार आणि बोजा दाखला (जमिनीवरचे कर्ज-व्यवहार दाखवणारा) घ्या. बोजा दाखला नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर मिळतो, २००४ च्या आधीच्या नोंदींसाठी उपनिबंधकांकडे जावे लागते. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने कागद मराठीत, क्वचित मोडीतही सापडतात. दोन्ही भाषा वाचणारा स्थानिक वकील इथे पर्याय नसून गरज आहे. छावणी आणि सांबऱ्याच्या विमानतळाजवळची जागा असेल तर चिमणीच्या उंचीची परवानगी आधी विचारा.

हद्दीचा खरा खर्च कागदांचा. विक्रीकराचे तपासणी नाके जीएसटीबरोबर गेले, पण पुण्यातून बेळगावला जॉबवर्कसाठी (दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेण्यासाठी) माल पाठवताना ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतेच, किंमत पन्नास हजारांच्या खाली असली तरी. पाचशे रुपयांचे नमुने गाडीच्या डिकीत टाकून नेणारे इथेच अडकतात. चलनाच्या तीन प्रती करा. जॉबवर्कचा कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे, नाहीतर पाठवला त्या दिवशीच विकला असे धरून कर लागतो. ३४० किलोमीटरला ई-वे बिलाची मुदत दोन दिवस मिळते, म्हणून गाडी खरोखर निघताना बिल काढा, माल पॅक झाल्यावर नव्हे. कर्नाटकात शेड घेतलेत तर तिथली वेगळी जीएसटी नोंदणी लागेल. पुण्याच्या नंबरवर तिथल्या भाड्यातल्या राज्य कराची वजावट मिळत नाही.

दुसरी हद्द भाषेची आणि वादाची. शॉपफ्लोअरवर मराठी आरामात चालते, कचेरीत कन्नड लागते. फलकावर वरच्या भागात कन्नड आणि तेही ६० टक्के, हा नियम २०२४ च्या दुरुस्तीपासून कडक आहे, पाटी त्याप्रमाणेच रंगवा. सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. एरवी त्याचा मालवाहतुकीला त्रास नाही, पण १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाच्या, आसपास आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचे अधिवेशन असताना तापते. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. त्या दोन काळांत ग्राहकाकडे आठवड्याचा साठा आधीच पोचवा आणि गाड्या शक्यतो कर्नाटक पासिंगच्या लावा.

निर्यातीसाठी गोवा जवळ दिसतो. चोर्ल्याचा आणि अनमोडचा असे दोन घाट आहेत, पण पावसाळ्यात तिथली अवजड वाहतूक बंद पडते. दर काढताना न्हावाशेवा धरा.

निघण्याआधी एक काम करून या. एकच पॅटर्न दोन फाउंड्र्यांकडे द्या, प्रत्येकी पन्नास नग, अट एवढीच की ओतणे पावसाच्या दिवशी आणि आदल्या दिवशीच्या कोअरवर व्हावे. प्रत्येक लॉटमधले पाच नग मधोमध कापून आतली भिंत बघा, बाकीचे मशिनिंगला पाठवा आणि मशिनिंगनंतरचेच रिजेक्शन मोजा.