परत आलेल्यांचा हिशोब

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बॅलरॅट शहरातून पश्चिमेकडे बाहेर पडलं की एक मोठी कमान लागते आणि तिथून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं सुरू होतात, ती पुढे २२ किलोमीटर संपतच नाहीत. प्रत्येक झाडापाशी एक छोटी ब्राँझची पट्टी, तिच्यावर एकाचं नाव. पहिल्या महायुद्धात या एवढ्याशा भागातून सैन्यात गेलेल्या प्रत्येकासाठी एक झाड, साडेतीन हजारांच्या वर झाडं आहेत ही. १९१७ ते १९१९ च्या दरम्यान लावली, आणि लावली कोणी तर इथल्या लुकास नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींनी, पैसे पण त्यांनीच गोळा केले. मला यात सगळ्यात भावलं ते हे की झाड फक्त मेलेल्यांना नाहीये, जो जो गेला त्या सगळ्यांना आहे, परत आला त्यालाही. नंतरच्या शंभर वर्षांत परत आलेल्यांचं काय झालं हे इथे राहून हळूहळू कळत गेलं आणि त्याबद्दलच आज लिहायचंय.

आपल्याकडे ऑस्ट्रेलिया म्हटलं की युद्ध वगैरे कोणाच्या डोक्यात येत नाही. पण पहिल्या महायुद्धाच्या वेळी या देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत होती, त्यातले ४ लाख १६ हजारांहून जास्त भरती झाले, ६० हजारांच्या वर मेले आणि दीड लाखांच्या वर जखमी झाले, विषारी वायूने भाजले नाहीतर कैदेत गेले. आणि हे सगळे स्वखुशीने गेलेले बरं का, सक्तीची भरती करायची का म्हणून १९१६ आणि १९१७ असं दोनदा सार्वमत घेतलं आणि दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. मेलेल्यांना परत आणलं नाही, जिथे पडले तिथेच पुरलं, तुर्कस्तानात गॅलिपोलीला, फ्रान्सला, बेल्जियमला. त्या काळात बोटीने तिकडे जाऊन मुलाची कबर बघणं कुठल्या आईला परवडणार होतं? म्हणून इथे अगदी चार घरांच्या वस्तीतसुद्धा चौकात एक दगडी स्मारक दिसतं, त्या बायकांसाठी तीच कबर होती. फ्रान्समधल्या फ्रोमेल गावापाशी १९ जुलै १९१६ च्या एका रात्रीत ५,५३३ ऑस्ट्रेलियन सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्या लढाईतल्या २५० जणांचे अवशेष सामुदायिक कबरीतून बाहेर काढले ते थेट २००९ मध्ये, मग नातवंडा-पतवंडांचे डीएनए घेऊन एकेकाची ओळख पटवत बसले, नव्वद वर्षांनंतर! एवढ्या वर्षांनी कोण करतं हो हे, पण यांनी केलं, आणि त्यासाठी मला या लोकांचा मनापासून आदर वाटतो.

२५ एप्रिलला अँझॅक डे असतो, युद्धात गेलेल्यांची आठवण काढायचा दिवस. १९१५ मध्ये याच दिवशी पहाटे गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियन सैनिक उतरले होते (आपल्याकडचे भारतीय तोफखान्याचे लोकही त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावर उतरले, खेचरांवर तोफा लादून, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नाही). आठ महिने तिथे अडकून पडले, आठ हजारांवर ऑस्ट्रेलियन मेले आणि शेवटी हाती काहीच न लागता परत निघाले. जिंकलेली लढाई नाही ही, तरी देश सगळ्यात जास्त याच दिवशी एकत्र येतो. अंधारात, कडाक्याच्या थंडीत, लहान मुलांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून लोक स्मारकापाशी उभे राहतात, बिगुल वाजतं, मग एक मिनिट चिडीचूप. आठवणीची खूण म्हणून कोटाला रोझमेरीची छोटी डहाळी लावलेली असते.

मग सकाळी संचलन. तिथे एक गोष्ट नीट बघा कधी आलात तर. ज्याने स्वतः पदकं मिळवली तो ती छातीच्या डाव्या बाजूला लावतो, आणि ज्याच्या वडिलांची किंवा आजोबांची आहेत तो उजव्या बाजूला. डावीकडची पदकं दरवर्षी कमी होतायत, उजवीकडची वाढतायत. गॅलिपोलीवरचे शेवटचे हयात सैनिक अ‍ॅलेक कॅम्पबेल २००२ मध्ये १०३ व्या वर्षी गेले, सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून भरती झाले होते ते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्यात भरती झालेल्यांपैकी शेवटचे हयात जॅक रॉस, ते आमच्या जवळच्याच बेंडिगोमध्ये २००९ मध्ये गेले, ११० वर्षांचे होऊन. दुसऱ्या महायुद्धातले जे आहेत ते आता शंभरीच्या आसपास, संचलनात गाडीत बसून येतात. चालणाऱ्यांमध्ये म्हातारे म्हणजे आता बहुतेक व्हिएतनामवाले, व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेले.

मी इथे फार्मसिस्ट आहे, त्यामुळे या लोकांशी माझी गाठ काउंटरवर पडते. माजी सैनिकांसाठी औषधांची वेगळी सरकारी योजना आहे, तिच्यातल्या औषधांच्या चिठ्ठीला आम्ही रिपॅट स्क्रिप्ट म्हणतो. गोल्ड कार्ड असेल तर जवळपास सगळे उपचार सरकारकडून, व्हाइट कार्ड असेल तर ठराविक आजारांपुरते. काही गोल्ड कार्डांवर टीपीआय अशी अक्षरं असतात, म्हणजे युद्धातल्या दुखापतीमुळे किंवा आजारामुळे हा माणूस कायमचा काम करू शकत नाही. काहींवर वॉर विडो, म्हणजे सैनिकाची विधवा, असं छापलेलं असतं. कोणाबद्दलही नावनिशीवार लिहिणं माझ्या पेशात बसत नाही म्हणून ते मी करणार नाही, पण आठवड्याच्या गोळ्या वेबस्टर पॅकमध्ये, म्हणजे दिवसवार कप्पे असलेल्या पाकिटात, भरताना झोपेची, दुखण्याची, पोटाची, मनाची अशी एकाच माणसाची सगळी औषधं एका पानावर दिसतात ना, तेव्हा पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी संपलेलं युद्ध संपलंय यावर विश्वास बसत नाही.

व्हिएतनामची गोष्ट तर वेगळीच. तेव्हा सरकारने सक्तीची भरती आणली, १९६४ मध्ये, आणि कोणाला घ्यायचं ते ठरायचं सोडत काढून. वीस वर्षांच्या मुलांच्या जन्मतारखा, त्या प्रत्येक तारखेची एक गोटी, गोट्या पिंपात टाकून फिरवायचं आणि काढायचं. आपली तारीख निघाली की बोलावणं. १९७२ पर्यंत ६३ हजारांच्या वर मुलं अशी बोलावली गेली, त्यातली पंधरा हजारांच्या वर व्हिएतनामला गेली, दोनशेच्या आसपास तिथे मेली. एकूण साठेक हजार ऑस्ट्रेलियन गेले होते त्या युद्धात, पाचशेच्या वर मेले, तीन हजारांच्या वर जखमी झाले. ज्यांना त्या वयात मत द्यायचासुद्धा अधिकार नव्हता (तेव्हा मतदान २१ व्या वर्षी होतं) त्यांना गोटी निघाली म्हणून लढायला पाठवलं, हे मला आजही पटत नाही, कोणी कितीही समजावलं तरी.

आमच्या शेजारच्या आजींचे यजमान असेच गोटीत तारीख निघून गेलेले. (समोर मी त्यांना इथल्यासारखं नावानेच हाक मारते, पण लिहिताना आजीच बरं वाटतं, आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे.) ते वारले मी इथे यायच्या आधी. आजी सांगतात, लग्नाआधीचा तो मुलगा नाचायचा, गाडीत मोठमोठ्याने गाणी म्हणायचा, आणि परत आला तो बोलायचाच बंद झालेला. हॉटेलात गेले की भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशाच जागी बसणार. थर्टीफर्स्टला फटाके सुरू झाले की मागच्या अंगणातल्या शेडमध्ये जाऊन बसणार, कुत्र्याला घेऊन. रात्री झोपेत त्यांना हात लावून उठवायचं नाही, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून लांबून हाक मारायची, हे आजींनी दोन्ही मुलांना चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. परत आल्यावर माजी सैनिकांच्या एका क्लबात गेले तर तिथल्या दुसऱ्या महायुद्धवाल्याने तोंडावर सांगितलं की तुमचं ते काही खरं युद्ध नव्हतं. पुन्हा कित्येक वर्षं ते कुठल्या संचलनाला गेले नाहीत, पदकं मोज्यांच्या खणात. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये सिडनीत व्हिएतनामवाल्यांचं स्वागत म्हणून मोठं संचलन झालं, पंचवीस हजारांच्या आसपास माजी सैनिक चालले, मेलेल्या प्रत्येकासाठी एकेक झेंडा, त्याला मात्र गेले. पंधरा वर्षं उशिरा झालेलं स्वागत!

आणि घरातल्यांचं काय? व्हिएतनामवाल्यांच्या मुलांचा इथे सरकारी अभ्यास झाला, त्यात निघालं की त्या मुलांमध्ये आत्महत्येचं प्रमाण बाकीच्यांच्या तिप्पट होतं. तिप्पट. ज्यांनी युद्ध पाहिलंच नाही त्यांच्यात. व्हिएतनामहून परत आलेल्यांनीच भांडून १९८२ मध्ये स्वतःसाठी समुपदेशन केंद्रं सुरू करून घेतली, आज ती ओपन आर्म्स नावाने चालतात आणि बायकामुलांनाही तिथे मदत मिळते. लेगसी म्हणून एक संस्था आहे, १९२३ पासूनची, गेलेल्या सोबत्याच्या बायकोमुलांकडे बघायचं एवढ्या एकाच कामासाठी पहिल्या युद्धातून परत आलेल्यांनी काढलेली. आजींना त्यांचा फार आधार झाला, गटार तुंबलं तरी त्यांच्यातलं कोणीतरी येऊन बघून जायचं.

तुम्हाला वाटेल ही जुनी गोष्ट, आता सुधारलं असेल. अफगाणिस्तानात वीस वर्षांत चाळिसेक ऑस्ट्रेलियन सैनिक मेले, प्रत्येकाची शवपेटी परत आली, पंतप्रधान हजर, टीव्हीवर सगळं. पण १९९७ ते २०२१ मध्ये सैन्यातल्या आणि सैन्यातून बाहेर पडलेल्या किमान १,६७७ जणांनी आत्महत्या केली. त्याच काळात लढाईत किंवा कामगिरीवर जेवढे मेले त्याच्या वीस पटींहून जास्त. हे मी कुठे ऐकलेलं सांगत नाहीये, सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, म्हणजे रॉयल कमिशनने, ९ सप्टेंबर २०२४ ला सात खंडांचा अहवाल दिला त्यात आहे. आणि ते कमिशन नेमलं गेलं ते मुलं गमावलेल्या आयांनी वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागून लागून. सेवेत असेपर्यंत पुरुषांमध्ये हे प्रमाण बाकी लोकांपेक्षा कमीच असतं, वर्दी उतरली की वाढतं, त्यातही ज्यांना तब्येतीमुळे काढलं त्यांच्यात फार. स्वतः सैन्यात नोकरी करून बाहेर पडलेल्या बायकांमध्ये तर बाकीच्या बायकांच्या दुप्पट.

कारणं बरीच आहेत पण एक मला सगळ्यात जास्त खुपतं, ते कागदपत्रांचं. भरपाईसाठी वर्षानुवर्षं तीन वेगवेगळे कायदे, कोण कधी नोकरीत होता त्यावर कोणता लागू ते ठरायचं, काहींना एकाच गुडघ्यासाठी दोन कायद्यांत अर्ज. २०२२ मध्ये कमिशनने पाहिलं तेव्हा चाळीस हजारांच्या वर अर्ज नुसते पडून होते. पाठीचे मणके गेलेला, रात्ररात्र न झोपणारा तिशीतला पोरगा, त्याने स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस तारीखवार लिहून पाठवायचा आणि मग महिनोनमहिने उत्तराची वाट बघायची. दगडावर नाव कोरायला हा देश इतका तत्पर आहे, मग जिवंत माणसाच्या फॉर्मला एवढा वेळ का लागतो, मला खरंच राग येतो.

यांच्याच हिशोबात नेहमी राहून जाणारे आणखी लोक आहेत. अ‍ॅबोरिजिनल सैनिक (इथल्या मूळ रहिवाशांतले) पहिल्या युद्धात बरोबरीने लढले, परत आल्यावर बाकीच्यांना शेतीला जमिनी मिळाल्या, यांच्यातल्या बहुतेकांना नाकारल्या. आणि समोरचे लोक. २०२० च्या चौकशी अहवालात अफगाणिस्तानात ऑस्ट्रेलियन स्पेशल फोर्सेसकडून ३९ जणांची बेकायदा हत्या झाल्याची विश्वासार्ह माहिती असल्याचं लिहिलंय, कैदी, शेतकरी, साधे गावकरी. इथे हा विषय काढला की लोक गप्प होतात नाहीतर भांडतात. आजी मात्र म्हणाल्या की ते नीट चौकशी होऊन बाहेर आलंच पाहिजे, नाहीतर बाकीच्यांनाही डोकं वर काढून चालता येणार नाही. मेलबर्नच्या अँझॅक डेला त्या युद्धात ऑस्ट्रेलियाच्या बाजूने लढलेले दक्षिण व्हिएतनामचे म्हातारे सैनिकही चालतात, देश गमावून निर्वासित म्हणून इथे आलेले, त्यांच्या घरोघरच्या गोष्टी तर अजून कोणी नीट विचारल्याही नाहीत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेने भरपाईचे ते तीन कायदे मिळून एकच करायचं ठरवलं, १ जुलै २०२६ पासून. आणि अजून एक, जे बऱ्याच तरुण मुलांना माहीतच नसतं म्हणून मी काउंटरवर ज्याला त्याला सांगते: सैन्यात एक दिवस जरी पूर्णवेळ नोकरी केली असेल तर मनाच्या आजारावरचे उपचार व्हाइट कार्डावर फुकट मिळतात, तो आजार नोकरीमुळेच झाला हे सिद्ध करायची गरज नाही. तुमचं कोणी नात्यातलं इकडच्या सैन्यात असेल, आता आपली मुलंही जातायत, तर त्यांना हे आवर्जून सांगा.

आजी गुरुवारी सकाळी इथल्या एका हॉलमध्ये माजी सैनिकांचे फॉर्म भरून द्यायला बसतात. वय ७६. समोर बहुतेक अफगाणिस्तान, इराक, तिमोरहून आलेली मुलं असतात, त्यांच्या बायका असतात, कधी कडेवर बाळ. आजी आधी चहा करतात आणि मग फॉर्म उघडतात, आणि नवऱ्याला नाही तर बायकोला पहिला प्रश्न विचारतात, तू झोपतेस का गं नीट?