राजगडाचा व्हिडिओ आणि अकरा दिवसांचे मौन

गेल्या दिवाळीत माझ्या १४ वर्षांच्या मुलाने अंगणात राजगड उभा केला. विटांचे तुकडे, जुनी पोती आणि चाळलेली तांबडी माती एवढ्या साहित्यावर आठ दिवस खपून त्याने पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या केल्या, मधोमध बालेकिल्ला चढवला आणि उतारांवर हळीव पेरले. संजीवनी माचीचे चिलखती बुरूज कसे बांधलेले आहेत, बाहेरच्या बुरुजाच्या आत दुसरा बुरूज का असतो, हे घरातले कोणीच त्याला सांगू शकले नसते. ते तो इन्स्टाग्रामवर गडकिल्ल्यांचे व्हिडिओ टाकणाऱ्या मंडळींकडून शिकला. एका दुर्गप्रेमीला त्याने शंका विचारली, तेव्हा त्यांनी वेळ काढून तटबंदीची छायाचित्रे पाठवली आणि कोणत्या बाजूने पाहावे हेही समजावले. समाजमाध्यमांचा लाभ म्हणतात तो मी असा डोळ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे पुढे जे घडले त्यानंतरही मुलांना या सगळ्यापासून तोडून टाकावे असे मला वाटत नाही.

किल्ला पूर्ण झाल्यावर त्याने ४० सेकंदांचा व्हिडिओ टाकला. त्यात किल्ला होता, आणि किल्ल्यामागे फाटकावरची आमच्या आडनावाची पाटी होती, दोरीवर वाळत घातलेला शाळेचा गणवेश होता, त्यावरचे बोधचिन्ह स्पष्ट वाचता येत होते. आम्ही सर्वांनी तो व्हिडिओ कौतुकाने पाहिला, नातेवाइकांना पाठवला, आणि एकाच्याही लक्षात हे आले नाही.

दोन दिवसांनी एका अनोळखी खात्यावरून त्याची स्तुती सुरू झाली. समोरच्याने स्वतःचे वय १५ सांगितले, किल्ल्यांविषयी बोलला, मग दुसऱ्या ॲपवर बोलू या म्हणाला. हे स्थलांतर हीच धोक्याची पहिली खूण असते, कारण तिथे आधीच्या ॲपची देखरेख उरत नाही आणि बोलणे दोघांपुरते होते. मुलाने मागितल्यावरून स्वतःचा एक साधा फोटो पाठवला. त्यानंतर वेगळ्या फोटोंची मागणी आली, आणि त्याने नकार देताच धमकी आली की पाठवलेल्या फोटोत फेरफार करून तो शाळेतल्या सर्वांना दाखवला जाईल. शाळेचे नाव समोरच्याला ठाऊक होते. ते त्याला गणवेशावरून कळले होते.

मुलगा अकरा दिवस गप्प राहिला. जेवण कमी झाले, रात्री दिवा लवकर बंद होऊ लागला, आणि परीक्षा जवळ आल्यामुळे असे होत असेल अशी समजूत मी करून घेतली. अखेर तो बोलला तो आजीजवळ, माझ्याजवळ नाही. मी कारण विचारले तेव्हा त्याने एवढेच उत्तर दिले, ‘फोन काढून घेशील म्हणून.’ हे वाक्य त्याच्या मनात मीच पेरले होते. जून महिन्यात गुण कमी पडले तेव्हा, आणि त्याआधीही कितीतरी वेळा, मी फोन काढून घेण्याची भीती घातली होती.

या प्रकरणातून मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हेच. धमकी देणाऱ्याचे सारे बळ मूल घरी काही सांगणार नाही या खात्रीवर उभे असते, आणि ती खात्री त्याला आपल्या रागामुळे मिळते. म्हणून आम्ही मुलाला शब्द दिला की चूक कोणाचीही असो, आमच्याकडे येऊन सांगितलेल्या गोष्टीबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. हा शब्द पाळणे सोपे नाही, कारण भीतीपोटी आपला हात पहिल्यांदा फोनकडेच जातो.

त्या रात्री आम्ही आधी सर्व संभाषणाचे आणि त्या खात्याच्या नावाचे स्क्रीनशॉट घेतले, मग तक्रार नोंदवली आणि शेवटी खाते ब्लॉक केले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण घाईने सगळे पुसून टाकले तर पुरावाच राहत नाही. सायबर गुन्ह्यांसाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र तक्रार संकेतस्थळ आहे आणि १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही अशा वेळी उपयोगी पडते. मुलाने खरोखरच नको तो फोटो पाठवला असेल, तर ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेतील एका संस्थेची विनामूल्य सेवा आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो आपल्या माध्यमावर शोधून हटवू शकतात. मुलाकडे असे फोटो मागणे हा गुन्हा आहे, आणि त्यात मूल पीडित असते, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. माझ्या मुलाला आपणच पकडले जाऊ असे वाटत होते.

यानंतर खात्याची सेटिंग तपासताना आणखी एक गोष्ट उघड झाली. टाळेबंदीत शाळा फोनवर आली, फोन हातात राहिला, आणि पुढे ११ व्या वर्षी त्याने खाते उघडले. किमान वय १३ असल्यामुळे जन्मवर्ष खोटे टाकले गेले, आणि ते टाकताना त्याचे बाबा शेजारी बसले होते. इन्स्टाग्रामने २०२५ मध्ये भारतातही किशोरांसाठीची खाती आणली. ती आपोआप खासगी असतात, मूल ज्यांना फॉलो करते किंवा ज्यांच्याशी आधीच जोडलेले आहे त्यांच्याखेरीज कोणी त्याला मेसेज पाठवू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात, आणि १६ वर्षांखालील मुलांना हे निर्बंध पालकांच्या संमतीशिवाय सैल करता येत नाहीत. परंतु इन्स्टाग्रामच्या लेखी आमचा मुलगा १९ वर्षांचा होता. आम्ही चालवून घेतलेल्या एका खोट्या आकड्यामुळे त्याच्यासाठी असलेले संरक्षण त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. ज्यांच्या घरी असे झाले असेल, त्यांनी आज मुलाला शेजारी बसवून जन्मवर्ष दुरुस्त करावे.

कायद्याचाही आधार हळूहळू येतो आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून, त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक केली आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातेच ठेवू दिलेले नाही. त्या बंदीविषयी माझे मन साशंक आहे, कारण बंदी असताना चोरून उघडलेल्या खात्यावर काही वाईट घडले, तर मूल ते घरी सांगण्याची शक्यता आणखी कमी होईल.

त्यापेक्षा मला सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव जवळचे वाटते. २०२२ पासून त्या गावात सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतील टीव्ही व मोबाइल बंद राहतात. मुलांनी अभ्यासाला बसावे म्हणून हा उपक्रम सुरू झाला, पण त्यात मोठ्यांनीही आपले फोन बाजूला ठेवायचे असतात, आणि तोच भाग मला मोलाचा वाटतो. आमच्याकडे भोंगा नाही. रात्री साडेनऊला चारही फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात जातात, माझाही, आणि कार्यालयाचा निरोप येईल ही सबब मी पहिल्या आठवड्यातच सोडून दिली.

मुलाने खाते बंद केले नाही. येत्या दिवाळीला विजयदुर्ग करायचा आहे आणि खाडीसाठी पाणी कसे अडवावे, याची विचारणा त्याने आतापासूनच सुरू केली आहे. परवा एका नव्या खात्यावरून त्याला मेसेजची विनंती आली, तेव्हा तो फोन घेऊन माझ्याकडे आला आणि आम्ही दोघांनी ते खाते उघडून पाहिले. ते साताऱ्याच्या एका शिक्षकांचे होते, आणि त्यांना राजगडाचा फोटो वर्गात दाखवायचा होता. पाटी आणि गणवेश दिसणार नाही असा फोटो निवडायला आम्हाला अर्धा तास लागला.